करार आणि मालविक्रीतील 'स्वीकृती'

केवळ बोलणी झाल्याने करार होत नाही. एका पक्षाच्या प्रस्तावाला दुसऱ्याने संमती दिली, म्हणजेच त्याची स्वीकृती झाली, की त्याचे वचनात रूपांतर होते. १ सप्टेंबर १८७२ पासून अंमलात असलेल्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम ७ नुसार ही स्वीकृती पूर्ण व बिनशर्त असावी लागते. झाशी जिल्ह्यातील टहरौली येथील एखाद्या शेतकऱ्याने ठराविक दराने गहू देऊ केला आणि व्यापाऱ्याने कमी दर सांगितला, तर ती स्वीकृती नव्हे. तो नवा प्रस्ताव ठरतो. नुसते मौनही सर्वसाधारणपणे स्वीकृती मानले जात नाही.

कलम ४ नुसार स्वीकृतीचे पत्र टपालात पडताच प्रस्ताव देणारा बांधला जातो. स्वीकारणारा मात्र ते पत्र समोरच्याला कळल्यानंतरच बांधला जातो. तोपर्यंत अधिक जलद मार्गाने कळवून त्याला स्वीकृती मागे घेता येते.

दूरध्वनीवरील कराराचा प्रश्न बुलढाणा जिल्ह्यातील खामगावच्या एका व्यवहारातून सर्वोच्च न्यायालयापुढे आला. २२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादच्या व्यापाऱ्यांनी खामगावच्या केडिया जिनिंग फॅक्टरीशी दूरध्वनीवरून सरकीच्या पेंडीचा सौदा केला. माल न मिळाल्याने त्यांनी अहमदाबादेत ३१,१५० रुपयांचा दावा लावला. करार खामगावला झाला, असे प्रतिवादींचे म्हणणे होते. न्या. वांच्छू व न्या. शहा यांनी १९६५ मध्ये बहुमताने निर्णय दिला, की स्वीकृती जेथे ऐकू येते तेथे करार होतो. म्हणून अहमदाबादच्या न्यायालयाला अधिकार आहे. न्या. हिदायतुल्ला यांनी भिन्न मत नोंदवले. त्यांच्या मते स्वीकृतीचे शब्द खामगावला उच्चारले गेले, म्हणून करार तेथेच झाला.

मालाची स्वीकृती ही याहून वेगळी बाब आहे. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ४१ नुसार खरेदीदाराला माल तपासण्याची वाजवी संधी मिळाली पाहिजे. कलम ४२ नुसार त्याने पसंती कळवली, मिळालेल्या मालाचा मालकासारखा वापर केला किंवा नकार न कळवता वाजवी मुदतीपलीकडे तो ठेवून घेतला, तर माल स्वीकारला असे समजले जाते. त्यानंतर सर्वसाधारणपणे माल नाकारता येत नाही. केवळ नुकसानभरपाई मागता येते. त्यामुळे माल सदोष आढळल्यास विक्रेत्याला तत्काळ, शक्यतो लेखी, कळवणे हिताचे ठरते.