दंतभूषणाचा एक जुना अध्याय

मनुष्याच्या अलंकारप्रियतेच्या तडाख्यांतून शरीराचा बहुधा एकहि भाग सुटलेला नाहीं. कान टोंचले, नाक टोंचलें. पण मांसाची जखम भरून येते. दांताची गोष्ट निराळी. त्याचें वरचें कठीण कवच एकदां गेलें कीं पुन्हां वाढत नाहीं. म्हणून दंतभूषण घडविणाऱ्या कारागिराची परीक्षा, भूषण चढविल्यावर दांत किती वर्षें टिकला, यावरूनच करावी लागते.

आपल्याकडील सुवासिनी दातवण लावून दांत काळे करीत. पण तो केवळ रंग होता. दांताला भोंक पाडून त्यांत खडे जडविण्याची कला पूर्णत्वास नेली ती मध्य अमेरिकेंतील माया लोकांनीं. त्यांचा वैभवकाळ सामान्यतः इ. स. २५० ते ९०० असा मानतात. आजच्या ग्वाटेमाला, होंडुरास व मेक्सिको या देशांतील थडग्यांत त्यांचे असे दांत सांपडले आहेत. वरच्या पुढील दांतांत हिरवा जेड, चकाकणारें माक्षिक किंवा निळा पिरोजा बसविलेला असे.

लोखंडी हत्यार या लोकांपाशीं नव्हतें. आपला सुतार सामता फिरवितो त्याप्रमाणें पोकळ नळी फिरवून, गारगोटीची पूड व पाणी यांच्या साह्यानें ते वाटोळें भोंक कोरीत, असा संशोधकांचा तर्क आहे. यांत धोका उघड होता. दांताच्या गाभ्यांत रक्तवाहिन्या व मज्जातंतु असतात. भोंक तेथवर गेलें तर मुळाशीं पू होई, आणि अशा रोगाच्या खुणा कांहीं जबड्यांत दिसतातहि. उलट, इतर दांतांत भोंकाच्या आंतील बाजूस नवा थर चढलेला आढळतो. म्हणजे तो दांत पुढेंहि जिवंत राहिला होता.

परंतु आम्हांस सर्वांत नवल वाटतें तें खडा चिकटविणाऱ्या लुकणाचें. शेंकडों वर्षें मातींत राहूनहि कित्येक खडे जागचे हलले नाहींत! इ. स. २०२२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या रासायनिक परीक्षणांत या लुकणांत झाडांच्या राळेचे अंश मिळाले. कांहीं दांतांत पाइन वृक्षाची राळ, तर कांहींत आपल्या तुळशी-पुदिन्याच्या कुळांतील वनस्पतींचे अंश होते. यांतील कित्येक द्रव्यें जंतुनाशक आहेत. खडा धरून ठेवणें आणि कीड शिरूं नये म्हणून फट बुजविणें, हीं दोन्हीं कामें एकाच लुकणानें साधत.

आज दांतांवर स्फटिक चिकटविण्याची व सोन्याचे कोश चढविण्याची हौस पुन्हां आली आहे. तिला नांवें ठेवण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. मात्र दंतवैद्यास न विचारतां घरगुती डिंकानें खडा चिकटविणें, किंवा जेवतांना व निजतांना कोश न काढतां त्याखालीं अन्नकण कुजूं देणें, हा दांताशीं उघड वैरभाव होय. खड्याच्या कडेची रोजची सफाई हीहि त्या हौसेचाच भाग समजली पाहिजे. हजार वर्षांपूर्वींच्या कारागिरानें खड्याइतकीच लुकणाचीहि काळजी वाहिली. आमच्या तरुण वाचकांनीं त्याच्यापासून एवढें तरी अवश्य घ्यावें.