तीन मिनिटं झाली

1974 साली मी कराडला ट्रंक ऑपरेटर म्हणून नोकरीला लागले. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, हातात प्लग आणि शेजारी तिकिटांचा गठ्ठा. तिकीट म्हणजे ट्रंक कॉलचा कागद. कॉल कुणी मागितला, नंबर कुठला, बोलणं किती वाजता सुरू झालं आणि किती वाजता संपलं, हे सगळं त्यावर आमच्या हातानं लिहिलेलं असे. बिल त्यावरूनच निघे.

हिशेब तीन मिनिटांचा. वेळ भरली की मी मध्येच विचारायची, "तीन मिनिटं झाली, वाढवायचंय?" पलीकडे एखादी आई मुलाशी बोलत असे. तिचा आवाज एकदम घाईचा होई आणि इतका वेळ अडून राहिलेली मुख्य गोष्ट तेव्हा बाहेर येई. त्या क्षणी मला फार वाईट वाटायचं.

साधा कॉल लागायला तासन् तास लागत. अर्जंटला दुप्पट पैसे, लाइटनिंगला आठपट. पैसे वाचवायचे तर जाणते लोक पीपी कॉल मागत, म्हणजे ठरावीक माणसाच्या नावाचा. त्याला थोडे जास्त पैसे पडत, पण तो माणूस जागेवर नसला तर पूर्ण कॉलचा भुर्दंड टळे. पुढे 'पीपी'चा अर्थच बदलला. लग्नपत्रिकेत नंबरापुढे 'पीपी' छापलं, की फोन शेजाऱ्यांचा आहे हे सगळ्यांना कळे.

देशात एसटीडी 1960 साली लखनौ-कानपूरपासून सुरू झाली. आमच्या तालुक्यांपर्यंत ती पोचायला फार वर्षं गेली. शून्य फिरवून लोक स्वतःच नंबर लावू लागले. मलाही आनंद झाला, ताटकळणं संपलं. पण त्याबरोबर तिकीटही गेलं, आणि त्याचं मोल तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता एक्स्चेंजमधला मीटर पल्स मोजत होता, एक पल्स म्हणजे बिलातलं एक युनिट. गावातल्या कॉलला पल्स सावकाश पडे, अंतर वाढलं की भराभर. घरातला फोन तसाच, पण मुंबईशी बोलताना तिकडे आकडे पळत असायचे. दोन महिन्यांनी बिल येई, त्यात लोकल आणि एसटीडीचे युनिट एकत्र. कुठल्या कॉलचे किती, हे कळायला मार्ग नव्हता.

कराडहून इस्लामपूर एसटीनं तासाभराचं अंतर. बाजार, सोयरीक, दवाखाना, सगळं एकमेकांत मिसळलेलं. पण फोनच्या हिशेबात कराडचा कोड 02164 आणि इस्लामपूरचा 02342, म्हणून शून्य लावणं आलं. शेजारच्या काकू बिल घेऊन यायच्या, "अगं, मुंबईला एकसुद्धा फोन केला नाही, मग एवढे युनिट कुठनं आले?" त्यांचं माहेर इस्लामपूर. रोज संध्याकाळी आईची चौकशी. माहेरचा फोन परगावचा धरला जातो, हे त्यांना पटतच नव्हतं. मलाही ते कधी न्याय्य वाटलं नाही.

मी त्यांना एक वही करून दिली. तारीख, गाव, सुरू, बंद. माझं जुनं तिकीटच ते. पहिल्या महिन्यातच त्यांना दिसलं, की आईशी बोलणं थोडंच. वेळ जातो तो आई परड्यातून फोनपर्यंत येते तेवढ्यात. मग ठरलं: दोन रिंग देऊन ठेवायचं, आई फोनजवळ येऊन बसली की पुन्हा लावायचा. गल्लीत अशा वह्या वाढल्या. मुंबईचा फोन रात्री अकरानंतर, पाव दरात. बोलायचे मुद्दे आधी वहीत उतरवलेले. कुणी डायलला छोटं कुलूप लावलं, कुणी एसटीडीच बंद करून घेतली.

1999 च्या नव्या दरांत एसटीडी उतरली, पण लोकलचा पल्स पाच मिनिटांवरून तीनवर आला. ज्यांचे सगळे फोन गावातच, त्यांना तो बदल जाचला. नंतर जवळपासच्या गावांसाठी शून्याऐवजी 95 आलं आणि काकूंचं माहेर थोडं जवळ आलं. 1 मार्च 2006 ला बीएसएनएलची 'वन इंडिया' योजना आली, मिनिटाला एक रुपया, देशात कुठंही.

काकूंची वही आता माझ्याकडे आहे. शेवटच्या नोंदी इस्लामपूरच्याच: सुरू 7.10, बंद 7.13. मार्चनंतरची पानं कोरी आहेत.