देवळातून निघालेली गिटार : ग्रँट ग्रीन यांची ध्वनिमुद्रणे

१९६२ सालच्या डिसेंबर महिन्यातील दोन घटना आम्ही येथे शेजारी शेजारी मांडू इच्छितो. पहिली रोममधील. पोप तेविसावे जॉन यांनी ११ ऑक्टोबरला सुरू केलेल्या द्वितीय व्हॅटिकन परिषदेचे पहिले सत्र ८ डिसेंबर रोजी, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशी, संपले. उपासनेची भाषा कोणती असावी, यावर त्या सत्रात मोठा खल झाला होता. दुसरी घटना त्यानंतर तेरा दिवसांची, नाताळ अवघ्या चार दिवसांवर आलेला असतानाची. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात एंगलवुड क्लिफ्स या ठिकाणी पाच वादक एकत्र जमले आणि एका दिवसात त्यांनी गुलामगिरीच्या काळातील भक्तिगीतांची एक तबकडी ध्वनिमुद्रित केली. त्यांचा म्होरक्या होता सत्तावीस वर्षांचा गिटारवादक ग्रँट ग्रीन.

या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. तरी दोहोंच्या मुळाशी असलेला प्रश्न एकच होता : माणसाने देवाला कोणत्या बोलीत आणि कोणत्या सुरात हाक मारावी? आपल्या घरची, आपल्या रस्त्यावरची वाणी त्याच्या दारी चालते काय? ग्रीन यांच्या ध्वनिमुद्रणांचा इतिहास पाहताना हाच प्रश्न आम्हांला पुनःपुन्हा भेटतो, आणि म्हणूनच तो या त्रैमासिकाच्या वाचकांपुढे ठेवण्याजोगा आम्हांला वाटतो.

ग्रँट ग्रीन यांचा जन्म ६ जून १९३५ रोजी मिसिसिपी नदीकाठच्या सेंट लुईस शहरी झाला. फ्रेंच व्यापाऱ्यांनी १७६४ साली वसविलेल्या या शहराला फ्रान्सचा संतपदी पोहोचलेला राजा नववा लुई याचे नाव दिलेले आहे. संताचे नाव मिरविणाऱ्या त्या नगरीतही गोऱ्यांच्या व काळ्यांच्या वस्त्या, शाळा, बसण्याच्या जागा वेगवेगळ्या होत्या. कॅथलिक शाळांतही हा भेद पाळला जाई. १९४७ साली आर्चबिशप जोसेफ रिटर यांनी आपल्या अखत्यारीतील शाळांतून तो काढून टाकण्याचा आदेश दिला. काही गोऱ्या पालकांनी न्यायालयात जाण्याची तयारी चालविली, तेव्हा त्यांनी धर्मबहिष्काराची ताकीद देणारे पत्र काढले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरविला तो १९५४ साली, म्हणजे त्यानंतर सात वर्षांनी. हा वाद पेटला तेव्हा ग्रीन बारा वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी, तेराव्या वर्षी, ते एका गॉस्पेल गायनसमूहाबरोबर गिटार वाजवू लागले. त्यांच्या हाताला पहिले वळण लागले ते असे भक्तिसंगीतात.

या संगीताचे मूळ समजल्याशिवाय ग्रीन यांची महती कळणार नाही. आफ्रिकेतून धरून आणलेल्या लोकांना त्यांच्या धन्यांनी बायबल ऐकविले ते बहुधा आज्ञाधारकपणाचा धडा देण्यासाठी. पण त्या लोकांनी त्याच ग्रंथातून स्वतःची कहाणी शोधून काढली. मिसर देशात राबणारी इस्राएल प्रजा म्हणजे आपणच, फारो म्हणजे आपला धनी, आणि यार्देन नदीपलीकडे आपली सुटका आहे, असे त्यांनी ओळखले. शेतात राबताना, रात्री गुपचूप जमताना त्यांनी जी गीते रचली, त्यांना ‘स्पिरिच्युअल्स’ म्हणतात. त्यांच्या कर्त्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. १८६७ साली या गीतांचा पहिला मोठा संग्रह छापला गेला. आणि १८७१ साली फिस्क विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा गायनसमूह आपल्या शाळेसाठी निधी उभारण्याकरिता ती गात देशभर फिरला.

याच मातीतून ब्लूज हे ऐहिक दुःखाचे गाणेही उगवले. दोहोंचे सूर सख्ख्या भावंडांसारखे असले, तरी धर्मनिष्ठ मंडळींनी त्यांच्यामध्ये कुंपण घातले. रविवारी चर्चमध्ये गायचे ते देवाचे, शनिवारी रात्री गुत्त्यात गायचे ते सैतानाचे, अशी ती वाटणी. थॉमस डॉर्सी या ब्लूज वादकाने १९३० च्या सुमारास ब्लूजच्या चालीवर भक्तिगीते रचण्यास प्रारंभ केला, तेव्हा अनेक चर्चनी त्याला दार बंद केले होते. पुढे तोच गॉस्पेल संगीताचा जनक म्हणून गौरविला गेला.

कुंपण ओलांडणारे आणखी एक वाद्य होते. १९३५ साली, म्हणजे ग्रीन यांच्या जन्मवर्षीच, हॅमंड कंपनीचा विजेवर चालणारा ऑर्गन बाजारात आला. नळ्यांचा भव्य ऑर्गन ज्यांना परवडत नसे अशा चर्चना तो स्वस्तात मिळू लागला, आणि कृष्णवर्णीयांच्या साध्यासुध्या प्रार्थनालयांतून त्याचा घोष घुमू लागला. १९५० नंतरच्या दशकात जिमी स्मिथ यांनी हाच ऑर्गन जॅझच्या मैफलीत प्रतिष्ठित केला. ऑर्गन, गिटार आणि ड्रम्स या तिघांच्या मेळातून जे संगीत लोकप्रिय झाले, त्याला ‘सोल जॅझ’ असे नाव पडले. सोल म्हणजे आत्मा! नावातच त्याने आपले कुळ सांगितले आहे.

सॅक्सोफोनवादक लू डोनाल्डसन यांनी सेंट लुईसमध्ये ग्रीन यांचे वादन ऐकले आणि त्यांना न्यूयॉर्कला येण्यास प्रवृत्त केले. तेथे ‘ब्लू नोट’ या ध्वनिमुद्रण संस्थेचे आल्फ्रेड लायन यांच्याशी त्यांची गाठ पडली. लायन हे जर्मनीतून आलेले ज्यू. १९३९ साली ही संस्था स्थापन झाली, आणि नाझी राजवटीतून निसटलेले त्यांचे मित्र फ्रान्सिस वुल्फ त्यांना येऊन मिळाले. वंशद्वेषाची झळ सोसलेल्या या दोघांनी कृष्णवर्णीय वादकांना आदराने वागविले. तालमीच्या वेळेचेही ते पैसे देत. ध्वनिमुद्रण करीत रूडी व्हॅन गेल्डर. १९५९ साली एंगलवुड क्लिफ्समध्ये त्यांनी स्वतःचे ध्वनिमुद्रणगृह बांधले. सुमारे ३९ फूट उंचीच्या त्याच्या लाकडी छतामुळे आत पाऊल टाकणाऱ्याला एखाद्या ख्रिस्तमंदिराची आठवण होई.

ग्रीन यांची ‘ग्रँट्स फर्स्ट स्टँड’ ही पहिली तबकडी याच वास्तूत २८ जानेवारी १९६१ रोजी मुद्रित झाली. ऑर्गनवर बेबी फेस विलेट आणि ड्रम्सवर बेन डिक्सन होते. त्याच वर्षी ४ जूनला ‘संडे मॉर्निन’, म्हणजे रविवार सकाळ, ही तबकडी मुद्रित झाली. तिच्यात याच नावाची त्यांची स्वतःची रचना आहे, आणि ‘फ्रीडम मार्च’ हीसुद्धा त्यांचीच. वर्णभेद मोडण्यासाठी तरुणतरुणी दक्षिणेतील बसगाड्यांतून एकत्र प्रवास करीत आणि मार खात, तो हाच उन्हाळा. उपासनेचा दिवस आणि मुक्तीची वाटचाल या दोन गोष्टी एकाच तबकडीवर याव्यात, हे आम्हांला अर्थपूर्ण वाटते. १९६२ साली ‘डाऊन बीट’ या नियतकालिकाच्या समीक्षकांनी त्यांना उदयोन्मुख वादकाचा मान दिला.

त्यांच्या वादनाची रीत साधी होती. बहुतेक गिटारवादक अनेक तारा एकदम छेडून सुरांचा भरणा करतात. ग्रीन ते क्वचितच करीत. एका वेळी एकच सूर, स्वच्छ आणि ठसठशीत. आपण गिटारवादकांपेक्षा सॅक्सोफोन व ट्रंपेट वाजविणाऱ्यांकडून अधिक शिकलो, असे ते सांगत. चार्ली पार्कर हे त्यांचे दैवत होते. सॅक्सोफोनवादकाला श्वास घेण्यासाठी थांबावे लागते. ग्रीन यांची गिटारही वाक्य संपले की थांबते, जणू तीही श्वास घेते. कधी कधी ते एकच लहानशी ओळ दहा-वीस वेळा घोळवीत राहतात. प्रथम ऐकणाऱ्याला वाटते, सुई अडकली की काय! पण लितानी म्हणणाऱ्या आपल्या लोकांना हे निराळे सांगावयास नको. उत्तर तेच असते, शब्द तेच असतात, आणि तरीही प्रत्येक आवर्तनाबरोबर मन थोडे अधिक खोल उतरते.

आता त्या डिसेंबरातील तबकडीकडे वळू. तिचे नाव ‘फीलिन द स्पिरिट’. पियानोवर बावीस वर्षांचे हर्बी हॅनकॉक, बासवर बुच वॉरेन, ड्रम्सवर बिली हिगिन्स आणि टँबोरीनवर गार्विन मासो. टँबोरीन म्हणजे आपल्या खंजिरीचीच बहीण. प्रार्थनेला जमलेल्या बायाबापड्यांच्या हातांतले वाद्य. तबकडीवर पाच गीते आहेत. प्रभूच्या अधिक जवळून चालू दे, अशी विनवणी करणारे पहिले. यरीहोच्या भिंती पाडणाऱ्या यहोशवाचे दुसरे. आपले दुःख कोणालाच ठाऊक नाही, असे सांगणारे तिसरे. मोशेला फारोकडे धाडणारे चौथे. आणि आईविना झालेल्या लेकराचे पाचवे. ‘डीप रिव्हर’ हे सहावे त्याच दिवशी वाजविले गेले होते. ते पुढच्या आवृत्तीत जोडले गेले.

शब्द एकही नाही. तरी यहोशवाच्या गीतात ठेका असा धावतो की भिंतीभोवतीची प्रदक्षिणा डोळ्यांपुढे उभी राहते. आणि शेवटच्या संथ गीतात गिटार गाते कमी, हुंदके अधिक देते. लिलावाच्या चौकात आईपासून तोडलेल्या मुलांच्या पिढ्या त्या सुरांमागे उभ्या आहेत. येथे भक्तिगीताला जॅझचा साज चढविलेला नाही. जॅझ आपल्या माहेरी आला आहे, असेच ऐकणाऱ्याला वाटते.

येथे काही वाचक एक आक्षेप घेतील, आणि तो आम्ही टाळणार नाही. हे गीत वाजविणारा माणूस अमली पदार्थांच्या व्यसनात सापडलेला होता. व्यसनाने त्याची कमाई गिळली, संसाराची ओढाताण झाली, आणि त्या दशकाच्या अखेरीस त्याच्या ध्वनिमुद्रणांतही खंड पडला. अशा हातांनी वाजविलेले भक्तिगीत पवित्र कसे मानावे? आमचे उत्तर असे की, व्यसन हे व्यसनच; त्याला कलेचा मुलामा देणे अप्रामाणिकपणाचे होईल, आणि त्याची किंमत घरच्यांनाही मोजावी लागते हे आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबे जाणतात. पण मातीच्या भांड्यांत ठेवलेल्या ठेव्याची उपमा संत पौलाने दिली आहे. भांड्याला तडा गेला होता म्हणून आतला ठेवा खोटा ठरत नाही. उलट ज्याला आपल्या दुबळेपणाची जाणीव आहे, त्याच्याच तोंडी विनवणीचे गीत शोभते.

पुढील ध्वनिमुद्रणांपैकी दोन-तीन उल्लेख केलेच पाहिजेत. नोव्हेंबर १९६३ मधील ‘आयडल मोमेंट्स’ ही तबकडी एका गैरसमजाने अमर झाली. ड्यूक पिअर्सन यांची शीर्षक-रचना सोळा मात्राखंडांची. पण कोणी किती वेळा वाजवायचे याचा घोटाळा झाला आणि प्रत्येकाने दुप्पट वाजविले. रचना जवळपास पंधरा मिनिटे लांबली. ती तशीच ठेवावी असे ठरले, आणि तिला तबकडीवर जागा व्हावी म्हणून बाकीच्या दोन रचना आटोपशीर करून ११ दिवसांनी पुन्हा मुद्रित केल्या. घाई नसलेले इतके शांत संगीत आम्ही फार थोडे ऐकले आहे.

१९६५ च्या मार्चमध्ये अलाबामातील सेल्मा येथे मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालविल्या. त्यानंतर तीनच दिवसांत, १० मार्चला, सेंट लुईसहून सहा धर्मभगिनी विमानाने सेल्माला पोहोचल्या आणि आपल्या धर्मवस्त्रांत निदर्शकांसोबत उभ्या राहिल्या. त्यांना पाठबळ होते ते तोवर कार्डिनल झालेल्या त्याच रिटर यांचे. आणि त्याच वर्षी त्याच शहराच्या या सुपुत्राने ‘व्हर्व्ह’ कंपनीसाठी केलेल्या तबकडीत ‘द सेल्मा मार्च’ नावाची स्वतःची रचना वाजविली. भगिनी पायांनी गेल्या, ग्रीन बोटांनी.

१९७० नंतर त्यांनी नृत्याच्या ठेक्याचे संगीत अधिक वाजविले. त्यावर जाणकारांनी नाके मुरडली, पण लोकांनी ते आपलेसे केले. १९७८ साली त्यांना रुग्णालयात राहावे लागले. पुरेशी विश्रांती न घेताच ते पुन्हा कार्यक्रमांसाठी बाहेर पडले, आणि ३१ जानेवारी १९७९ रोजी न्यूयॉर्कमध्ये, मोटारीत बसलेले असताना, हृदयविकाराने त्यांचे देहावसान झाले. वय अवघे त्रेचाळीस. त्यांना सेंट लुईसच्या मातीतच विसावा मिळाला.

१९६४ साली मॅकॉय टायनर आणि एल्विन जोन्स यांच्यासमवेत मुद्रित केलेल्या ‘मॅटाडोर’ आणि ‘सॉलिड’ या त्यांच्या श्रेष्ठ तबकड्या पंधरा वर्षे कपाटात पडून होत्या. त्या प्रसिद्ध झाल्या १९७९ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी. पियानोवादक सॉनी क्लार्क यांच्यासह १९६१-६२ मध्ये केलेली ध्वनिमुद्रणेही अशीच मागाहून बाहेर आली. १९९० नंतर तरुण गायकांनी त्यांच्या जुन्या तबकड्यांतील तुकडे आपल्या गाण्यांत गुंफले आणि नव्या पिढीला त्यांचे नाव कळले. पेरणाऱ्याने पीक पाहिले नाही.

४ डिसेंबर १९६३ रोजी व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज प्रसिद्ध केला. लोकभाषेला उपासनेत स्थान मिळाले आणि प्रत्येक समाजाच्या स्वतःच्या संगीतपरंपरेचा आदर करावा, असे सांगितले गेले. पुढे आपल्या धर्मग्रामांत मिस्सा मराठीतून होऊ लागली, पेटी-तबला वेदीजवळ आला. त्या वेळी कोणी कुरकुरलेही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ छापून हा मार्ग कधीच दाखविला होता, हे त्या कुरकुरीत विसरले गेले. ज्यांच्या गीतांना कर्त्यांची नावेही नाहीत, त्या गुलामांनी तर कोणाची अनुज्ञा न घेताच देवाशी आपल्या सुरात बोलणे केले होते.

ज्यांच्या घरी हे संगीत कधी शिरलेले नाही, त्यांनी प्रारंभ ‘फीलिन द स्पिरिट’पासून करावा, असे आम्ही सुचवितो. उपवासकाळातील एखाद्या शुक्रवारी, घर निवांत झाल्यावर, निर्गमाच्या पुस्तकातील मोशेच्या पाचारणाचा अध्याय मुलांसमवेत वाचावा आणि मग त्यातील चौथे गीत लावावे. इंग्रजी येत नसले तरी काही अडणार नाही, कारण तेथे बोलते ती गिटार.