तेरेखोलच्या मुखापासून पारगडापर्यंत

वेंगुर्ल्याहून रेडीची सडक धरून दक्षिणेकडे मोटारीने निघाले असता, यशवंतगडाचे अवशेष मागे पडून थोडा वेळ झाला न झाला तोच तेरेखोलचा किल्ला दृष्टीस पडतो, आणि या प्रदेशाचा पहिला पेच तेथेच उभा राहतो. महाराष्ट्र व गोवा यांची हद्द या भागात बऱ्याच अंतरापर्यंत तेरेखोल नदीने सांभाळलेली आहे. परंतु मुखाशी येताच हा नियम मोडतो आणि उत्तरतीरावरील, तिन्ही बाजूंनी महाराष्ट्राच्या भूमीने व पाण्याने वेढलेला एक चिमुकला गाव गोव्याच्या दफ्तरी लागलेला आढळतो. याचे मूळ १७४६ सालच्या स्वारीत आहे. सावंतवाडीच्या खेमसावंतांनी सतराव्या शतकात आपल्या नदीच्या रक्षणार्थ बांधलेला हा कोट त्या वर्षी पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रो मिगेल द आल्मेइदा याने हस्तगत केला. त्याच वर्षी त्याने शापोरा नदीच्या काठचा हळर्ण किल्लाही घेतला आणि त्या विजयाप्रीत्यर्थ पोर्तुगालच्या राजाने त्याला ‘आलोर्नाचा मार्क्विस’ अशी पदवी दिली. पोर्तुगीजांच्या हाती गेलेला रेडीचा यशवंतगड काही वर्षांनी सावंतांकडे परत आला. तेरेखोल मात्र परत आला नाही.

एवढ्याशा कोटासाठी एवढा अट्टाहास का, हे कळण्यासाठी नदीच्या काठाकाठाने आरोंदा, सातार्डा ही गावे मागे टाकीत बांद्यापर्यंत गेले पाहिजे. आज हमरस्त्यावरून वेगाने जाणाऱ्या प्रवाशाला बांदा हे एक बाजाराचे गाव वाटते, आणि समुद्र येथून कितीतरी दूर आहे अशी त्याची समजूत असते. बहामनी व आदिलशाही अंमलात हेच बांदा नावाजलेले बंदर होते. आदिलशाहीत त्याला आदिलाबाद असे नावही मिळाले, आणि सोळाव्या शतकाच्या आरंभी पश्चिम किनाऱ्याचे वर्णन लिहिणाऱ्या दुआर्त बारबोसाने त्याची नोंद घेतली आहे. भरतीच्या पाण्यावर गलबते आत यावीत, घाटमाथ्यावरून बैलांच्या पाठीवर उतरलेला माल त्यांत चढावा, आणि जकातीचे हशील सरकारात जमा व्हावे, असा त्या गावाचा संसार होता. गावातील ‘रेडा घुमट’ ही आदिलशाही काळची वास्तू पाहताना त्या वैभवाची थोडीशी कल्पना येते. पुढे समुद्रावर पोर्तुगीजांच्या परवान्यावाचून गलबत हाकारणे दुर्घट झाले आणि बांद्याला उतरती कळा लागली. आणि नदीचे मुखच परक्याच्या तोफांखाली गेल्यावर तिच्या काठच्या कोणत्याही बंदराला पूर्वीचे दिवस येणे शक्य नव्हते. माझ्या मते तेरेखोलच्या इतिहासातील मर्माची गोष्ट हीच होय. ही नदी मुळात एक वाट होती. तिची सरहद्द झाली ती अठराव्या शतकात, आणि तीही तिच्या काठी राहणाऱ्यांना न विचारता.

दक्षिणतीरावरचा पेडणे महाल १७८८ पर्यंत सावंतांचाच होता. कोल्हापूरकरांशी चाललेल्या झगड्यात तिसऱ्या खेमसावंतांना पोर्तुगीजांच्या मदतीची निकड भासली आणि त्या मदतीच्या मोबदल्यात हा महाल त्यांनी सोडून दिला. एका संस्थानिकाच्या अडचणीतून निघालेल्या त्या तहाने सोयरेधायरे असलेली गावे दोन सत्तांत वाटली गेली. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगितली पाहिजे. जुन्या काबिजादीत, म्हणजे तिसवाडी, बारदेश व साष्टी या महालांत, देवळे पाडण्याचे जे सत्र सोळाव्या शतकात चालले, ते या नव्या काबिजादीत चालले नाही. तोवर काळ बदलला होता आणि येथील धर्म व रूढी राखण्याचे वचन पोर्तुगीज सरकारने दिले होते. म्हणूनच पेडण्याची भगवती आपल्या जागी राहिली, रवळनाथ व सातेरी दोन्ही तीरांवर सारख्याच भक्तीने पूजिली जात राहिली, आणि दशावताराच्या रात्री दोन्ही मुलखांत तशाच रंगत राहिल्या.

सरहद्द म्हटली की चौकी आली, आणि चौकी आली की जकात व ती चुकविणारा असे दोघेही आले. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने ही जकातीची भिंत काही काळ पाडली: १८८० ते १८९२ अशी बारा वर्षे ब्रिटिश हिंदुस्थान व गोवा यांमध्ये जकातीचे ऐक्य राहिले. परंतु त्याची किंमत गोव्याच्या मिठागरांनी मोजली. मिठाच्या उत्पादनावरचा ताबा इंग्रजांकडे गेला, त्याबद्दल पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लक्ष रुपये मिळू लागले, आणि खाडीकाठच्या आगरांत पिढ्यान्पिढ्या राबणाऱ्या माणसाच्या हाती काय पडले याचा विचार दोन्ही दरबारांनी केल्याचे दिसत नाही. त्याच तहातून मुरगावची रेल्वे निघाली, आणि घाटावरचा जो माल वेंगुर्ल्याच्या बंदराकडे येत असे त्याचा मोठा ओघ तिकडे वळला. डच वखारीच्या काळापासून नांदत आलेल्या वेंगुर्ल्याला तो मोठा धक्का होता.

सरहद्दीचा दुसरा उपयोग आश्रयाचा. १८४४ साली मनोहरगडाच्या परिसरात इंग्रजांविरुद्ध जे बंड पेटले, त्यातील पुढारी फोंडसावंत तांबूळकर, त्यांचे मुलगे आणि खुद्द सावंतवाडीचे वारस अण्णासाहेब यांनी पराभवानंतर गोव्याची हद्द ओलांडली. शंभर वर्षांनी हीच हद्द ओलांडली गेली ती आश्रयासाठी नव्हे, तर गोव्याच्या मुक्तीसाठी. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड अफोन्सो यांच्या तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यात शिरून तिरंगा फडकविला. पुढच्या वर्षी त्याच तिथीला, बांद्यापासून जवळच असलेल्या पत्रादेवीच्या नाक्यावर, निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. पंजाबचे कर्नैलसिंग बेनिपाल तेथे धारातीर्थी पडले आणि मध्य प्रदेशच्या सहोदराबाई राय जखमी झाल्या. या मातीशी ज्यांचा जन्माचा संबंध नव्हता, त्यांनी तिच्यासाठी रक्त सांडले. तेथील त्यांच्या स्मारकापाशी मोटार न थांबविता पुढे जाणे मला कृतघ्नपणाचे वाटते.

पत्रादेवीहून आडवाटेने दोडामार्ग गाठावे. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेनेच्या उत्तरेकडील तुकड्या गोव्यात उतरल्या त्या याच बाजूने. येथून भेडशीमार्गे तिलारीच्या खोऱ्यात शिरले की सह्याद्रीची भिंत समोर येते. तिलारीचे पाणी पुढे शापोऱ्याच्या नावाने गोव्यात जाते, आणि त्याच्या वाटणीसाठी दोन्ही राज्यांनी १९९० साली करार केला. गोव्याकडून बेळगावाकडे चढणारा रामघाट याच डोंगरात आहे. आंबोलीचा गाडीरस्ता होईपर्यंत किनाऱ्याचा व माथ्याचा व्यवहार बराचसा त्या बिकट चढणीवर अवलंबून होता.

माथ्यावर चंदगड तालुक्यात पारगड आहे. पोर्तुगीज मुलखावर नजर ठेवण्यासाठी शिवछत्रपतींनी हा गड वसविला आणि तानाजींचे पुत्र रायबा मालुसरे यांना त्याची किल्लेदारी दिली, अशी परंपरा सांगते. तटबंदी पुष्कळशी ढासळली आहे. वस्ती मात्र हललेली नाही. ज्या फिरंगी अंमलावर पहारा ठेवण्यासाठी शिबंदी येथे आणली गेली, तो अंमल १९६१ साली संपला, आणि तिचे वंशज अजून त्याच गडावर भगवतीच्या देवळाभोवती घरे करून राहत आहेत.