अडलेल्याची जमीन

अडलेल्याची जमीन पाण्याच्या भावाने जाते, हे तुम्ही ऐकले असेल. पण ती स्वस्त होते कशी? उत्तर आपल्या शिरूर-दौंडकडेच आहे.

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस थांबला, इकडचा भाव चढला, कर्जही सहज मिळू लागले. 1865 साली युद्ध संपले आणि भाव कोसळले. सारा मात्र नव्या पाहणीत वाढला. कर्जाचे खत नव्याने लिहिताना व्याज मुद्दलात मिसळे. दावा लागला की कूळ कोर्टात फिरकत नसे. हुकूमनामा एकतर्फी होई. लिलावात बोली लावायला दुसरे कोणी नाही, मग सावकार म्हणेल तोच भाव!

1874 साली शिरूर तालुक्यातील करडे गावी सावकाराने एका देशमुखाचे घरदार असेच लिलावात घेतले आणि घर पाडायला काढले. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. पुढे 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे लोक उठले. दौंडचा मुलूख तेव्हा याच तालुक्यात होता. त्यांचा रोख माणसांपेक्षा खतांवर होता. ती जाळली गेली.

1879 च्या कायद्याने कर्जाचा हिशेब मुळापासून तपासण्याचे काम कोर्टावर आले.

आज अशी स्वस्त जमीन तुमच्यासमोर आली, तर तीन गोष्टी विचारा. विकणाऱ्याने कागद वाचला का? हिशेब पाहिला का? दुसरे गिऱ्हाईक त्याला भेटले होते का? नसेल, तर तो सौदा नव्हे, अडवणूक आहे.