लाकडी घरातली सह्यांची गुंडाळी

जुनं घर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चौसोपी वाडा येतो, सागवानी खांब, कोरीव तुळया. आज ज्या घराविषयी सांगणार आहे त्यात असलं काही नाही. न्यूझीलंड देशात क्राइस्टचर्च नावाचं शहर आहे, तिथलं हे 1888 साली बांधलेलं घर. लाकडी फळ्यांच्या भिंती, एका कुटुंबाचा संसार. तिकडे अशी घरं पुष्कळ आहेत. तरी 2019 मध्ये तिथल्या सरकारनं हे घर विकत घेतलं, जपण्यासाठी.

कारण इथे केट शेपर्ड राहत होत्या. त्या दारूविरुद्ध काम करणाऱ्या बायकांच्या संघटनेत होत्या. नवऱ्याची कमाई दारूत जाते आणि हाल बायकोमुलांचे होतात, हे दुःख तिकडेही होतंच. कायदा करा म्हणावं, तर कायदा करणारे पुरुष आणि त्यांना निवडून देणारेही पुरुष! आपल्याकडे बाटली आडवी करायला बायकांची मतंच लागली ना? केटबाईंनीही तेच ओळखलं: आधी मताचा हक्क हवा.

मग सह्या गोळा करायला सुरुवात झाली. 1891 मध्ये सुमारे 9 हजार सह्या झाल्या, कायदा अडला. पुढच्या वर्षी सुमारे 20 हजार झाल्या, पुन्हा अडला. तरी बायका परत दारोदार फिरल्या आणि 1893 मध्ये आकडा 32 हजारांच्या जवळ गेला. गावोगावचे कागद केटबाईंकडे यायचे. याच घरात त्यांनी ते एकाला एक चिकटवले आणि झाडूच्या दांड्याच्या तुकड्याभोवती गुंडाळले. मुख्य अर्जाचे 546 कागद, लांबी 270 मीटरच्या आसपास! जॉन हॉल या आमदारानं ही गुंडाळी सभागृहात उलगडली, तेव्हा तो दांडा पलीकडच्या भिंतीवर जाऊन आपटला, असं सांगतात.

19 सप्टेंबर 1893 ला कायदा झाला. तिथल्या मूळच्या माओरी बायकांनाही मत मिळालं. मला वाटतं, घराची खरी किंमत या कामाची आहे, लाकडाची नाही. एरवी बायकांनी घरात बसून केलेल्या कामाची नोंद कोण ठेवतं?

आपल्या देशात 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत सगळ्या प्रौढ बायकांना मत होतं. पण यादी करायला माणूस दारात आला, तेव्हा कितीतरी जणींनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. अशी सुमारे 28 लाख नावं यादीतून गळली. बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतली.

केटबाईंचं घर 2020 पासून लोकांना पाहायला खुलं आहे. सह्यांची गुंडाळी मात्र वेलिंग्टनला, राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवली आहे. त्यातली नावं आजही वाचता येतात. तिथल्या बायका त्यात आपल्या पणजीची सही शोधतात.