उपचयी स्टेरॉइडांची चाचणी
स्नायूंची वाढ घडवून आणणारी व टेस्टोस्टेरोन या पुरुषी हॉर्मोनाशी रचनेने सदृश असलेली द्रव्ये खेळाडूच्या मूत्रात अगर चोरट्या बाजारातील औषधात ओळखण्याची प्रयोगशालेय पद्धती. टेस्टोस्टेरोन १९३५ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे शुद्ध स्वरूपात अलग करण्यात आले व त्याच वर्षी आडोल्फ बूटेनांट आणि लेओपोल्ट रुझीच्का यांनी ते स्वतंत्रपणे संश्लेषित केले. १९५८ मध्ये सीबा कंपनीचे डायानाबोल अमेरिकेत विक्रीस आले आणि जॉन झीग्लर या वैद्यांच्या हातून ते भारोत्तोलकांपर्यंत पोहोचले.

पोटात घ्यावयाच्या बहुतेक स्टेरॉइडांत १७ व्या कार्बन अणूला अल्किल गट जोडलेला असतो. त्यामुळे यकृतात त्यांचा लवकर नाश होत नाही; परंतु याच कारणाने ती यकृताला अपायकारक ठरतात. कावीळ, यकृतात रक्ताने भरलेल्या पोकळ्या व अर्बुदे हे विकार उद्‌भवू शकतात. हृदयाच्या डाव्या निलयाची भित्ती जाड होते, वृषणे आक्रसतात. स्त्रियांचा आवाज घोगरा होतो व तो बहुधा पूर्ववत होत नाही. वाढीच्या वयात हाडांची टोके अकाली सांधली जाऊन उंची खुंटते. चोरून विकल्या जाणाऱ्या कुप्यांत चिठ्ठीवर लिहिलेलेच द्रव्य असेल, याचीही खात्री नसते.

लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात रेमंड ब्रुक्स यांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत किरणोत्सर्गी प्रतिरक्षामापनाची पद्धत सिद्ध केली. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये स्टेरॉइडांची अधिकृत चाचणी प्रथमच झाली व आठ खेळाडू दोषी आढळले. प्राथमिक छाननीनंतरची खातरजमा वायुवर्णलेखन व द्रव्यमान वर्णपटविज्ञान यांच्या संयुक्त उपकरणाने केली जाई. बाहेरून घेतलेले टेस्टोस्टेरोन मात्र शरीरातील टेस्टोस्टेरोनाहून निराळे नसल्याने या जाळ्यातून सुटत असे. कोलोनचे मान्फ्रेट डोनिके यांनी त्याचे एपिटेस्टोस्टेरोनाशी असलेले गुणोत्तर मोजण्याचा मार्ग काढला. हे गुणोत्तर सामान्यतः एकच्या आसपास असते. संशयाची मर्यादा प्रथम सहा व २००५ पासून चार ठरविण्यात आली. वनस्पतिजन्य कच्च्या मालापासून बनविलेल्या टेस्टोस्टेरोनात कार्बन–१३ चे प्रमाण किंचित कमी असते, या भेदाचाही पुढे उपयोग झाला.

चाचणीचे तंत्र कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न पूर्व जर्मनीने उभा केला. तेथे १९७४ पासून ‘राज्य योजना विषय १४.२५’ या नावाखाली खेळाडूंना, त्यांत कोवळ्या वयाच्या मुलींनाही, ओराल–टुरिनाबोलच्या निळ्या गोळ्या देण्यात येत. त्या जीवनसत्त्वाच्या असल्याचे अनेकींना सांगण्यात आले होते. ड्रेझ्डेनजवळील क्राइशा येथील प्रयोगशाळा खेळाडू परदेशी निघण्यापूर्वीच त्यांचे मूत्र तपासी आणि ज्यांच्यात द्रव्याचा अंश उरला असेल, त्यांना घरीच ठेवण्यात येई. सर्व कारभार कागदोपत्री नोंदलेला होता, हे विशेष. व्हेर्नर फ्रांके व ब्रिगिटे बेरेंडोंक यांनी हे कागद जर्मनीच्या एकीकरणानंतर उजेडात आणले. क्रीडाप्रमुख मान्फ्रेट एव्हाल्ट आणि डॉक्टर मान्फ्रेट होपनर हे २००० मध्ये बर्लिनच्या न्यायालयात दोषी ठरले. शिक्षा मात्र स्थगित राहिली.

ज्ञात द्रव्यच शोधता येते, ही या पद्धतीची मूळ मर्यादा २००३ मध्ये पुन्हा दिसून आली. एका प्रशिक्षकाने अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेकडे वापरलेली पिचकारी पाठविली. तीतील अवशेषावरून लॉस अँजेल्सचे डॉन कॅटलिन यांनी टेट्राहायड्रोजेस्ट्रिनोन हे तोवर अज्ञात असलेले स्टेरॉइड ओळखले. रूढ पद्धतीत नमुना तयार करतानाच त्याचे अपघटन होत असे.

टुरिनाबोलचे मूत्रात दीर्घकाळ टिकणारे चयापचयज मॉस्को येथील प्रयोगशाळेत सोबोलेव्हस्की व रॉद्‌चेन्कोव्ह यांनी शोधले (२०१२). त्यांच्या आधारे २००८ व २०१२ च्या ऑलिंपिकचे साठविलेले नमुने पुन्हा तपासून अनेकांची पदके काढून घेण्यात आली. याच रॉद्‌चेन्कोव्ह यांच्या देखरेखीखाली २०१४ मध्ये सोची येथे प्रयोगशाळेच्या भिंतीतील छिद्रातून नमुन्यांच्या बाटल्या रात्री बदलल्या जात होत्या.